रिनाउन, मुंबई १९२१: युद्धनौकेवरच्या राजनिवासाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

११ जून २०२३

आज चिकटवलेला तोफगाडा उचकटून काढावा लागला. ‘रिनाउन’ या ब्रिटिश युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेऊन सात महिने झाले आणि इतके दिवस नोंद करण्यासारखे काही घडले नव्हते. प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवायचे, तासायचे, लांबी (पुट्टी) भरायची, वाळली की पुन्हा घासायचे, एवढेच काम होते. आज मात्र चूक हाती लागली, आणि ती चूकच या कामाचा खरा विषय आहे असे वाटू लागल्यामुळे ही वही उघडली.

प्रमाण १:२०० आहे. मूळ जहाज २४२ मीटर लांब आणि साडेसत्तावीस मीटर रुंद होते, म्हणजे माझ्या टेबलावर ते १२१ सेंटीमीटर लांब आणि पावणेचौदा सेंटीमीटर रुंद होते. मला घडवायचे आहे ते प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड याला घेऊन १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबई बंदरात आलेले जहाज. काम मात्र चालले होते १९१६ च्या आराखड्यावरून, म्हणजे ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या फेअरफिल्ड कारखान्यातून ते नवेकोरे बाहेर पडले त्या वेळच्या स्वरूपावरून. तेव्हा त्यावर १५ इंची सहा आणि ४ इंची सतरा तोफा होत्या, आणि त्या सतरांपैकी पंधरा तोफा तिनातिनाच्या पाच गाड्यांवर बसवलेल्या होत्या. इंजेक्शनच्या सुया कापून सव्वादोन सेंटीमीटरच्या पंधरा नळ्या मी केल्या, पाचही गाडे जुळवले आणि काल रात्री शेवटचा गाडा जागेवर बसवला. आज सकाळी १९२० नंतरची छायाचित्रे पुन्हा समोर घेतली तेव्हा दिसले की मधल्या भागातल्या एका गाड्याच्या जागी तोफ नाहीच.

फेव्हिक्विक एका रात्रीत दगडासारखे झाले होते. पात्याच्या टोकाने गाडा सुटला, पण डेकच्या दोन पट्ट्यांचा टवका घेऊनच.

१८ जून २०२३

झाले होते ते असे. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्लंडच्या युवराजाला साम्राज्यभर फिरवून आणायचे ठरले. १९१९ च्या ऑगस्टमध्ये तो ‘रिनाउन’मधून न्यूफाउंडलंड आणि कॅनडाकडे गेला, आणि पुढच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लांब दौऱ्यासाठी जानेवारी ते मार्च १९२० या तीन महिन्यांत या युद्धनौकेचे रूपांतर जवळजवळ राजनौकेत करण्यात आले. मधला एक तीन तोफांचा गाडा आणि विमानविरोधी ३ इंची तोफा उतरवल्या, मोकळ्या झालेल्या जागेत निवासाच्या जादा खोल्या केल्या, फेरफटक्यासाठी एक स्वतंत्र डेक बांधला आणि दोन धुरांड्यांच्या मध्ये एक मोठे डेकघर उभारले. या डेकघराच्या डाव्या अर्ध्यात स्क्वॉशचे मैदान होते आणि उजव्या अर्ध्यात सिनेमागृह.

म्हणजे मी गेल्या आठवड्यात जे केले तेच गोदीतल्या कामगारांनी एकशे तीन वर्षांपूर्वी केले होते. त्यांच्या हातून डेक फुटला नसावा, इतकाच फरक.

२ जुलै २०२३

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घेतली पाहिजे. भाचा काल म्हणाला, “मामा, एवढं मोठं जहाज, त्यात एका माणसाला खोली द्यायची तर तोफ कशाला काढायला हवी?” प्रश्न रास्त आहे. बाहेरून पाहणाऱ्याला युद्धनौका म्हणजे तरंगता किल्ला वाटतो आणि किल्ल्यात वाडा असतोच. पण उभा छेद घेऊन पाहिले तर ध्यानात येते की या किल्ल्यात मोकळे अंगण नाही.

‘रिनाउन’ ताशी बत्तीस सागरी मैलांच्या आसपास धावावी या हट्टाने बांधलेली होती. त्या वेगासाठी १,१२,००० अश्वशक्ती लागे आणि ती देण्यासाठी बेचाळीस बॉयलर लागत, त्यामुळे जहाजाचा पाण्याखालचा मधला भाग जवळजवळ सगळा बॉयलर आणि यंत्रांनी खाल्लेला असे. पुढच्या आणि मागच्या टोकांना १५ इंची तोफांचे बुरूज, म्हणजे फिरती चिलखती तोफघरे, आणि प्रत्येक बुरुजाखाली तळापर्यंत उतरत गेलेली दारूगोळ्याची कोठारे. जे उरले त्यात तेलाच्या टाक्या, पाणी, धान्य, नांगरसाखळ्या, आणि हजाराच्या आसपास माणसे. ही माणसे ज्या टेबलांवर जेवत त्याच टेबलांच्या वर छताला झोळ्या बांधून झोपत, आणि सकाळी झोळी गुंडाळली की त्याच जागेचे पुन्हा जेवणघर होई. खलाशाला स्वतःची अशी कायमची जागा नसेच.

अशा जहाजावर राजपुत्र, त्याचे अधिकारी, चिटणीस, नोकर आणि त्यांचे सामान चढवायचे, आणि तेही चार-चार, आठ-आठ महिन्यांसाठी, तर कोणाला तरी उतरावे लागते. खलाशी उतरवता येत नाहीत, बॉयलर काढता येत नाहीत, कोठारांना हात लावता येत नाही. राहतात त्या वरच्या डेकवरच्या लहान तोफा. नौकेच्या मुख्य बळाला धक्का न लावता जी जागा सोडवता येते ती एवढीच, आणि शांततेच्या काळात तिची उणीव कोणाला भासत नाही. म्हणून तोफेच्या जागी खोली.

भाच्याला हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखंच. पाहुणे आले की शिलाई मशीन बाल्कनीत.” माझ्या दोन परिच्छेदांपेक्षा हे बरे आहे.

१६ जुलै २०२३

वजनाचा विचार. काढलेला गाडा आणि बांधलेले डेकघर यांची तुलना नुसत्या जागेची नाही. उंचावर वजन वाढले की जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ते जास्त कलते, त्यामुळे वर काही नवे बांधायचे तर वरचेच काहीतरी कमी करणे शहाणपणाचे असते. तोफगाडा हा आकाराने लहान पण वजनाने भारी. डेकघर आकाराने अवाढव्य पण पत्र्याचे आणि पोकळ. माझ्या प्रतिकृतीतही हेच उतरले आहे: सुया आणि पितळेचा गाडा बोटावर घेतला की जड लागतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन प्लॅस्टिकचे डेकघर फुंकर मारली तर उडेल.

३० जुलै २०२३

पाऊस. तीन दिवस रंग वाळलेला नाही. बसून वाचले, आणि हेच नाव असलेल्या आधीच्या जहाजाशी येऊन पोचलो.

१८९५ मध्ये पेंब्रोक इथे जलावतरण झालेली पहिली ‘रिनाउन’ ही जाकी फिशर या नौसेनानायकाची लाडकी नौका होती. उत्तर अमेरिकेच्या आणि नंतर भूमध्य समुद्राच्या ताफ्यावर असताना त्याने आपले निशाण हिच्यावरच फडकवले. मोठ्या तोफा १० इंची, दुय्यम तोफा ६ इंची दहा. ती मुळातच जरा हलक्या बांधणीची होती, वेगवान आणि दिसायला देखणी. आणि बहुधा त्यामुळेच तिच्या नशिबी राजघराण्याची वाहतूक आली. १९०२-०३ च्या हिवाळ्यात ड्यूक ऑफ कॉनॉट आणि त्याची पत्नी दिल्ली दरबारासाठी हिच्यातून हिंदुस्थानात आले, तेव्हा काही ६ इंची तोफा काढून टाकल्या गेल्या. १९०५ मध्ये तेव्हाचे प्रिन्स आणि प्रिन्सेस ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी, यांच्या दौऱ्यासाठी उरलेल्या दुय्यम तोफाही निघाल्या. ९ नोव्हेंबर १९०५ रोजी हे जहाज मुंबईला लागले, आणि दोन दिवसांनी, ११ तारखेला, त्या प्रिन्सने ज्या संग्रहालयाची कोनशिला बसवली ते आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मी तिथे शाळेच्या सहलीपासून किमान वीस वेळा गेलो असेन. ती कोनशिला बसवणारा माणूस तोफा काढलेल्या युद्धनौकेतून आला होता, हे या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

दोन्ही ‘रिनाउन’ना जोडणारा माणूसही फिशरच. दुसरी ‘रिनाउन’ १९१५ च्या जानेवारीत, त्याच्याच वाढदिवशी म्हणजे २५ तारखेला, बांधायला घेतली गेली. प्रचंड वेग, मोजक्या पण प्रचंड तोफा आणि चिलखत बेताचे, हा त्याचाच ध्यास. चिलखत कमी असल्याची टीका या जहाजाच्या पाठीमागे कायम लागली. तेव्हा एका नावाच्या दोन नौका, दोन्ही अतिवेगवान, दोन्ही आघाडीच्या रांगेत उभ्या करायला जराशा नाजूक, आणि दोन्ही मुंबईला राजपुत्र घेऊन आलेल्या. हा केवळ योगायोग मला वाटत नाही. नौदलाला जे जहाज दौऱ्यावर पाठवणे परवडते, तेच ते पाठवते.

पहिलीचा आराखडा कागदावर काढून दुसरीच्या शेजारी ठेवला: ६३ सेंटीमीटर. निम्म्याच्या जरासा वर. वीस वर्षांत जहाजे किती वाढली ते आकड्यांपेक्षा या दोन कागदांवर लवकर कळते.

१३ ऑगस्ट २०२३

स्क्वॉशच्या मैदानाला हात घातला. आजच्या प्रमाणित मैदानाचे माप ९.७५ मीटर बाय ६.४० मीटर आहे. माझ्या प्रमाणात ४९ बाय ३२ मिलिमीटर, म्हणजे आगपेटीहून थोडेसेच कमी. हे माप पुठ्ठ्यावर कापून दोन धुरांड्यांच्या मध्ये ठेवून पाहिले. जहाजाची रुंदी १३७ मिलिमीटर आहे, त्यातून दोन्ही बाजूंचा वावरण्याचा भाग आणि होड्यांची जागा वजा केली तर डावीकडे मैदान आणि उजवीकडे सिनेमागृह असे दोन कप्पे पाठीला पाठ लावून बसतात, पण सैलपणा उरत नाही.

डेकघर इथेच का बांधले असेल, याचा उलगडा पुठ्ठा हातात धरल्यावर झाला. ‘रिनाउन’चे दोन बुरूज पुढे आणि एक मागे आहे. १५ इंची तोफ उडते तेव्हा तिच्या तोंडापाशी निघणारा हवेचा झोत पातळ पत्र्याची खोली सहज चेपू शकतो, म्हणून बुरुजांच्या आसपास असले काही बांधण्याची सोय नसते. दोन्ही टोकांपासून सर्वांत दूर आणि दोन धुरांड्यांच्या आडोशाला असलेली जागा हीच. हा माझा तर्क आहे, पण आराखड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा आहे.

डावी भिंत पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची करणार आहे, आत पाहता यावे म्हणून. आत दोन माणसे, साडेआठ मिलिमीटर उंचीची.

२७ ऑगस्ट २०२३

माणसे तिसऱ्यांदा फसली. पहिल्या जोडीच्या हातात रॅकेट दिले तर ते भजी तळायच्या झाऱ्यासारखे दिसले. शेवटी तांब्याची एक-एक केसाएवढी तार वाकवून हात लांब केला आणि टोकाला गोंदाचा थेंब वाळू दिला. घराच्या उजेडात, हातभर अंतरावरून, ते रॅकेट वाटते.

१० सप्टेंबर २०२३

सिनेमागृह झाले. अकरा बाके, मागच्या भिंतीत यंत्राचे भोक, समोर कागदाचा पडदा. त्या काळचा सिनेमा मुका होता आणि त्याची फिल्म नायट्रेटची, जी एकदा पेटली की विझवणे अवघड. आता हे पाहावे: खाली बेचाळीस बॉयलर, त्यांना तेलाचे इंधन, दोन्ही बाजूंना दोन धुरांडी, आणि मधोमध नायट्रेटच्या फिल्मची गुंडाळी घेऊन बसलेला खलाशी. तांबड्या समुद्रातून हे जहाज जात असताना या कप्प्यात काय उकाडा असेल, याची कल्पना मे महिन्यात लोकलच्या डब्यात उभे राहिलेल्या माणसाला नीट करता येईल.

आगीची भीती पोकळ नव्हती. १९२७ मध्ये हीच ‘रिनाउन’ ड्यूक आणि डचेस ऑफ यॉर्क यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली. ९ मे रोजी कॅनबेरा इथे संसदभवनाचे उद्घाटन झाले, आणि परतीच्या वाटेवर त्याच महिन्यात हिंदी महासागरात एका बॉयलरखोलीत तेलाने पेट घेतला. आग आटोक्यात आली. पण शाही पाहुण्यांचे जेवणघर आणि जळणारे तेल यांच्यामध्ये काही पोलादी पत्रेच होते. राजनौका म्हणून बांधलेल्या नौकेत आणि युद्धनौकेत केलेल्या राजनिवासात मुळातला फरक हाच: गालिचा कितीही जाड असला तरी खाली दारूगोळा असतो.

२४ सप्टेंबर २०२३

फेरफटक्याचा डेक. कठड्याचे खांब ०.३ मिलिमीटरच्या तारेचे, एकशे चाळीस नग. वरती कापडी छत ताणायचे आहे, कारण उष्ण प्रदेशात असे छत उभारल्याशिवाय दुपारी डेकवर उभे राहता येत नसे. रुमालाचे कापड या प्रमाणात गोणपाटासारखे दिसले; सिगारेटचा कागद पातळ डिंकाच्या पाण्यातून काढून ताणला तो जमला. आमच्याकडे सिगारेट कोणी ओढत नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून नुसता कागद मागून आणला. त्याने दिला, पण नजर वेगळी होती.

राजपुत्राची निजायची खोली मी उघडी दाखवणार नाही असे ठरवले आहे. ती दाखवायला डेकच्या सर्वांत चांगल्या जमलेल्या पट्ट्या कापाव्या लागतील. शिवाय पलंग आणि आरसा हे कुठल्याही वाड्यात असतात. युद्धनौकेवर नवल वाटावे असे जे आहे, म्हणजे स्क्वॉश, सिनेमा आणि फेरफटका, ते उघडे राहील.

१५ ऑक्टोबर २०२३

या आठवड्यात हात चालले नाहीत, कारण डोक्यात ‘व्हॅनगार्ड’ शिरली.

ब्रिटनने बांधलेली ही शेवटची बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांची चिलखती युद्धनौका. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कारखान्यात ३० नोव्हेंबर १९४४ रोजी राजकन्या एलिझाबेथच्या हस्ते तिचे जलावतरण झाले, पण ती सेवेत आली तोवर युद्ध संपले होते. तिच्या १५ इंची तोफाही नव्या नव्हत्या. पहिल्या महायुद्धातल्या ‘करेजस’ आणि ‘ग्लोरिअस’ या नौकांवरून, त्यांची विमानवाहू जहाजे करताना, उतरवून कोठारात ठेवलेले ते बुरूज. अशा या नौकेला पहिले मोठे काम मिळाले ते सहावे जॉर्ज, राणी आणि दोन्ही राजकन्या यांना दक्षिण आफ्रिकेला नेण्याचे. नौसेनापतीसाठी असलेली दालने शाही कुटुंबासाठी नव्याने सजवण्यात आली, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बुरुजाच्या माथ्यावर जी विमानविरोधी तोफ होती ती काढून तिच्या जागी मानवंदना स्वीकारण्यासाठी उभे राहायचा चौथरा बसवण्यात आला. इथेही तोफ निघाली. पण १९२० मध्ये तोफेच्या जागी राहायची सोय झाली होती आणि १९४७ मध्ये नुसते दिसायची.

१ फेब्रुवारी १९४७ रोजी पोर्टस्मथहून निघालेले जहाज १७ तारखेला केपटाउनला पोचले. मागे इंग्लंडमध्ये त्या हिवाळ्याने कहर केला होता. बर्फ, कोळशाची टंचाई, वीज बंद. विषुववृत्ताच्या उन्हात डेकवर अधिकाऱ्यांबरोबर धावपळीचे खेळ खेळणाऱ्या राजकन्यांची छायाचित्रे आणि घरी मेणबत्तीवर जेवणारी प्रजा. आपण परत यावे का, असे राजाने विचारले होते. पंतप्रधान ॲटली यांनी दौरा पुरा करण्याचा सल्ला दिला. आणि राजा केपटाउनला उतरून तिसराच दिवस, २० फेब्रुवारी, म्हणजे ज्या दिवशी ॲटली यांनी लंडनमध्ये जाहीर केले की जून १९४८ पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थान सोडतील आणि माउंटबॅटन नवे व्हाइसरॉय असतील. हिंदुस्थानचा शेवटचा बादशहा तेव्हा आपल्या शेवटच्या युद्धनौकेवरून नुकता उतरला होता.

हा राजा म्हणजे १९२७ मध्ये ‘रिनाउन’वर असलेला ड्यूक ऑफ यॉर्क. १९१६ मध्ये जटलंडच्या सागरी लढाईत तो ‘कॉलिंगवूड’ या युद्धनौकेच्या बुरुजात तरुण अधिकारी म्हणून प्रत्यक्ष हजर होता. राजघराण्यातल्या पाहुण्यांना युद्धनौका म्हणजे एरवी गालिचा, कठडा आणि बँड. याने मात्र ती प्रत्यक्ष लढाईत, तोफेच्या बाजूने पाहिली होती.

आणि माउंटबॅटन? ते १९२१ च्या ‘रिनाउन’वर होते, एकविसाव्या वर्षी, दूरचा भाऊ लागणाऱ्या युवराजाच्या सोबतीला. १९२२ च्या फेब्रुवारीत एडविना ॲशलीशी त्यांचे लग्न ठरले तेही याच दौऱ्यात, दिल्लीला. माझ्या फेरफटक्याच्या डेकवर एक माणूस जास्त उभा करावा लागणार.

२९ ऑक्टोबर २०२३

प्रतिकृती नुसती चौरंगावर ठेवायची की पाण्यात, यावर घरात दोन मते आहेत. मी पाण्याच्या बाजूचा. म्हणून आज मुंबई बंदराचा तुकडा मांडून पाहिला: निळसर नव्हे, मातकट हिरवे पाणी, दोन मचवे, आणि अपोलो बंदराकडे निघालेली एक लाँच. गेटवे ऑफ इंडिया त्या दिवशी अपुरा होता. तो खुला झाला ४ डिसेंबर १९२४ रोजी. पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधलेली कमान पाहुणा आला तेव्हा पुरी नव्हती, हे मुंबईच्या स्वभावाला धरून आहे.

पण पाणी मांडले की किनाऱ्याचाही विचार करावाच लागतो. १७ नोव्हेंबरला काँग्रेसने हरताळ पुकारला होता. अपोलो बंदरावर युवराजाच्या स्वागताला निवडक मंडळी जमली असताना तिकडे परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची होळी झाली. स्वागताहून परतणाऱ्या पारशी, ख्रिस्ती आणि युरोपीय लोकांवर हल्ले सुरू झाले, मग प्रतिहल्ले, मग गोळीबार. पुढच्या चार दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजी १९ तारखेला उपोषणाला बसले आणि शहर शांत झाल्यावर २२ तारखेला त्यांनी ते सोडले. स्वराज्याच्या दुर्गंधीने आपल्या नाकपुड्या भरल्या, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी त्या दिवसांत काढले होते.

हे सगळे १:२०० मध्ये कसे दाखवायचे? दाखवता येत नाही, आणि खेळण्यातले दंगल करणारे लोक मी करणार नाही. पण डेकवरून शहर कसे दिसत असेल तेवढे सुचवता येईल. छायाचित्रांमध्ये बंदरातली जहाजे पताकांनी मढलेली असतात. माझ्या जहाजावरही पताका असतील. मचवे मात्र दोनच, शिडे उतरवलेले, आणि त्यात माणूस नाही. हरताळ एवढाच.

१२ नोव्हेंबर २०२३

दिवाळीचा दिवस असूनही सकाळी तासभर बसलो. काल एका जाणत्या मित्राने फोनवर विचारले, की जहाज मुंबईला किती दिवस होते आणि राजपुत्र त्यावर किती दिवस झोपला. मला उत्तर माहीत होते, पण त्याचा अर्थ तोवर जाणवला नव्हता.

राजपुत्र मुंबईला उतरला तो जमिनीवर राहायला. १९ नोव्हेंबरला तो पुण्यात होता. शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला त्याने त्या दिवशी बसवली, ज्या जागी १९२८ मध्ये नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. मुंबईत गोळीबार चालू असतानाच पुण्यात हा समारंभ झाला. नंतर बडोदे, राजपुताना, उत्तर हिंदुस्थान, कलकत्ता, ब्रह्मदेश, मद्रास, दिल्ली, पंजाब, आणि हा जवळजवळ सगळा प्रवास आगगाडीने. पुन्हा ‘रिनाउन’वर तो चढला १७ मार्च १९२२ रोजी, कराचीला, तिथून श्रीलंका, मलाया, हाँगकाँग आणि एप्रिलमध्ये योकोहामा. म्हणजे तोफा उतरवून ज्या खोल्या केल्या त्यांचा धनी बरोबर चार महिने बेपत्ता. त्याच्या बापानेही १९०५ मध्ये हेच केले होते: नोव्हेंबरात मुंबईला उतरायचे, मार्चमध्ये कराचीला चढायचे. आजोबा, सातवे एडवर्ड, युवराज असताना ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ‘सेरापिस’ या सैनिक वाहून नेणाऱ्या नौकेतून आले आणि १८७६ च्या मार्चमध्ये मुंबईहूनच परतले. त्यांच्या जहाजावर परतताना हिंदुस्थानातून भेट मिळालेले पशुपक्षीही चढले, तेव्हा त्या खोल्यांना शेजार बरा होता. त्याच भेटीची आठवण म्हणून मुंबईचे व्यापारी ससून यांनी दिलेला पुतळा म्हणजे आपला काळा घोडा, जो आता राणीच्या बागेत आहे.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट चालू होती. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये नौदल परिषद सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी डझनावारी युद्धनौका मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला गेला. ‘रिनाउन’ मुंबईत पताका लावून उभी होती तेव्हा कोणत्या नौका ठेवायच्या आणि कोणत्या तोडायच्या याची यादी तिकडे होत होती. ती ठेवायच्या यादीत राहिली, पुढे दोनदा नव्याने बांधली गेली आणि दुसरे महायुद्ध लढली. १९४८ मध्ये ती भंगारासाठी स्कॉटलंडच्या फास्लेनला गेली. बारा वर्षांनी ‘व्हॅनगार्ड’ही तिथेच गेली, आणि जाता जाता पोर्टस्मथ बंदराच्या तोंडाशीच गाळात रुतून बसली.

२६ नोव्हेंबर २०२३

काच बसवणारा कारागीर मंगळवारी येणार. पाणी वाळले आहे, पताका लागल्या आहेत, स्क्वॉश खेळणारे दोघे आत आहेत आणि माउंटबॅटन कठड्याला टेकले आहेत. १७ तारीख हुकली, पण तारखेसाठी सिगारेटचा कागद फाडून घेण्यात अर्थ नव्हता.

जूनमध्ये उचकटून काढलेला गाडा इतके महिने आगपेटीत होता. भाचा म्हणाला, “मामा, तो बाहेर ठेव. काचेच्या आत, पण जहाजाच्या बाहेर.” पेटीच्या मागच्या कोपऱ्यात बंदराच्या पाण्यापलीकडे लाकडाची पट्टी मोकळी राहिली होती, तिथे तो गाडा ठेवला आहे, तीन नळ्या, तळाला फेव्हिक्विकने चिकटून आलेला डेकचा टवका तसाच. खाली पट्टी लावली: ‘४ इंची तीन तोफा, १९२० मध्ये काढलेल्या.’ डेकवर त्या टवक्याची जागा लांबीने भरून रंगवली होती, ती उजेड तिरपा पडला की अजून कळते.